अदृश्य वायूचा आकाशातून माग



आपल्या पूर्वजांनी अग्नीला देवत्व दिले. त्यात भक्ती होती तसा धाकही होता. चुलीत असताना जो अन्न शिजवितो, तोच चुलीबाहेर पडला म्हणजे घर जाळतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. आज आपल्या कतारगामातील पुष्कळ घरांत चूल नाही, सरपण नाही आणि सिलिंडरही नाही. भिंतीवरून आलेल्या पिवळ्या नळीची चावी फिरवावी, ठिणगी द्यावी, की निळी ज्योत उमलते आणि पातेल्यातील आमटी खदखदू लागते. इतकी ही सोय अंगवळणी पडली आहे की, ज्योतीमागे उभ्या असलेल्या प्रचंड योजनेचा विचारही आपल्या मनात येत नाही.

पाण्याचा नळ गळू लागला तर थेंब दिसतो, त्याची टपटप ऐकू येते. वायूचा नळ गळू लागला तर काय दिसणार? नैसर्गिक वायूला रंग नाही, रूप नाही आणि मूळच्या स्थितीत वासही नाही. स्वयंपाकघरातील हातभर नळीची ही गोष्ट. मग रानावनांतून आणि नद्यांच्या तळाखालून शेकडो मैल गेलेल्या वाहिनीला केसाएवढी चीर पडली, तर ती कोणी आणि कशी शोधावी? हे काम आता विमाने, हेलिकॉप्टरे आणि थेट उपग्रह करू लागले आहेत. ते कसे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर असल्यामुळे समीकरणांनी वाचकांस भिवविण्याचे सामर्थ्य आमच्यापाशी नाही, ही एक जमेची बाजू समजावी!

प्रथम हा वायू येतो कोठून ते पाहू. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाला छिद्र पाडले आणि ‘बॉम्बे हाय’ या क्षेत्रात तेल लागले. पुढे त्याच समुद्रात वायूचेही मोठे साठे सापडले. त्यांतील एका क्षेत्राला बसीन, म्हणजे आपल्या चिमाजी अप्पांच्या वसईचे नाव मिळाले आहे. वसईच्या नावाचा हा वायू समुद्रतळावरील वाहिनीतून सुरतेजवळच्या हजिऱ्यास येतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू मिसळलेला असतो. तो तेथे वेगळा काढला जातो. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘गेल’ या सरकारी कंपनीने हजिऱ्यापासून मध्य प्रदेशातील विजयपूर व उत्तर प्रदेशातील जगदीशपूर येथपर्यंत जी वाहिनी टाकली, ती भारतातील पहिली मोठी आंतरराज्य वायुवाहिनी होय. दहेजहून निघून उरणकडे जाणारी दुसरी एक वाहिनी गुजरात आणि महाराष्ट्र यांना जमिनीखालून जोडते. अशा प्रकारे आपले सुरत शहर देशाच्या वायुमार्गांच्या उंबरठ्यावर वसले आहे. २४ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे हजिऱ्याच्या वायुप्रकल्पात स्फोट होऊन आग लागली, तेव्हा त्याचे हादरे दूरवर जाणवले होते. उंबरठ्यावर राहण्यात सोय असते, तशी जबाबदारीही असते.

या मोठ्या वाहिन्यांत वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या कित्येक पट, कोठे कोठे नव्वदपटीच्या आसपासही असतो. शहराच्या वेशीवर तो उतरवितात, मग पेठेपेठेत आणखी उतरवितात. आपल्या शेगडीपाशी पोहोचेपर्यंत तो वातावरणाच्या दाबाहून जेमतेम दोन शतांशांनी अधिक उरतो. शहराच्या वेशीवरच आणखी एक संस्कार होतो. बिनवासाच्या वायूत मरकॅप्टन जातीच्या गंधकयुक्त रसायनाची किंचित मात्रा मिसळतात. कुजक्या कोबीसारखी जी उग्र घाण आपल्याला येते, ती वायूची नव्हे, या रसायनाची. आमच्या कोंकणीत सुवासाला ‘परमळ’ म्हणतात आणि दुर्गंधाला ‘घाण’. परमळ मन रमवितो हे खरे. परंतु येथे प्राण वाचविते ती घाणच!

ही युक्ती माणसाने मोठी किंमत देऊन शिकली आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव आहे. तेलाच्या विहिरींमुळे गाव संपन्न झाले होते आणि तेथे नवी, भव्य शाळा उभी होती. खर्च वाचावा म्हणून तेलक्षेत्रातील बिनवासाचा वायू शाळा तापविण्यासाठी घेतला जात असे. तो गळून इमारतीखालच्या पोकळीत साचत गेला. कोणाला कळले नाही, कारण कळण्याजोगे काही नव्हतेच. १८ मार्च १९३७ रोजी, शाळा सुटण्यास थोडाच वेळ उरला असता, कार्यशाळेतील एक विजेचे यंत्र सुरू करताना ठिणगी उडाली. क्षणात सारी इमारत उचलली गेली आणि कोसळली. सुमारे तीनशे विद्यार्थी व शिक्षक दगावले. ढिगाऱ्यात एक फळा सापडला; तेल आणि वायू हे या प्रदेशाला लाभलेले मोठे वरदान आहे, अशा अर्थाचे वाक्य त्यावर लिहिलेले होते, असे सांगतात. या घटनेनंतर टेक्सासमध्ये वायूला वास देणे कायद्याने बंधनकारक झाले आणि पुढे जगभर ही रीत पडली. आपल्या नाकाला मिळणारा इशारा त्या मुलांच्या प्राणांच्या मोलाने आलेला आहे, हे आपण विसरता कामा नये.

परंतु वास येण्यासाठी नाक जवळ असावे लागते. शिवाय दूर पल्ल्याच्या पुष्कळ वाहिन्यांत वास मिसळलेला नसतोच. तेथे काय करावयाचे? पहिला उपाय हिशेबाचा. वाहिनीच्या एका टोकाने किती वायू आत गेला व दुसऱ्या टोकाने किती बाहेर पडला, याची यंत्रे सतत नोंद ठेवतात. दाब एकाएकी घसरला तर नियंत्रणकक्षात घंटा वाजते. मोठी फूट अशा रीतीने तत्काळ उमगते. पण वाण्याच्या मोठ्या तराजूत मोहरीचा दाणा तोलता येत नाही, तशी बारीक गळती या हिशेबात हरवून जाते. मोजमापातच जेवढी चूक संभवते, तेवढ्यात ती दडून बसते. आणि बारीक गळती हीच मोठ्या फुटीची पूर्वसूचना असू शकते.

दुसरा उपाय पायांचा. वाहिनीवरून रोज चालत जाणारे पहारेकरी असतात. ऊन असो वा पाऊस, नेमून दिलेले अंतर चालावयाचे, कोणी खोदकाम करीत आहे का, पुराने माती वाहून जाऊन नळ उघडा पडला आहे का, हे पाहावयाचे, हे त्यांचे काम. त्यांची नजर पिकांवरही असते. जमिनीखाली वायू गळू लागला की तो मातीतील प्राणवायूला हुसकावून लावतो. मुळे गुदमरतात आणि हिरव्या शेतात एक पिवळा, सुकलेला डाग उमटतो. पाणथळ जागी बुडबुडे येतात. हे डाग उंचावरून अधिक स्पष्ट दिसतात, म्हणून लहान विमानातून वाहिनीच्या मार्गावर घिरट्या घालण्याची पद्धत परदेशांत पडली. आकाशातून गळती शोधण्याची ही पहिली पायरी.

याच सुमारास माणसाला एक अनपेक्षित सहकारी लाभला. अमेरिकेत टर्की व्हल्चर नावाचे गिधाड आहे. कॅलिफोर्नियातील युनियन ऑइल कंपनीच्या माणसांच्या १९३० नंतरच्या दशकात असे ध्यानात आले की, मरकॅप्टन मिसळलेला वायू जेथे गळतो, तेथे आकाशात ही गिधाडे गोळा होतात. कारण सरळ होते. सडू लागलेल्या मांसातूनही त्याच जातीची रसायने निघतात. बिचारी गिधाडे मेजवानीच्या आशेने येत आणि खाली केवळ नळ पाहून हिरमुसून जात! केनेथ स्टेजर या पक्षितज्ज्ञाने १९६४ साली आपल्या अभ्यासात या गोष्टीचा उल्लेख केला आणि या पक्ष्याला तीव्र घ्राणेंद्रिय असते हे दाखवून दिले. आपल्याकडील गिधाडे मात्र नजरेवर विसंबतात. तेव्हा त्यांच्याकडून या कामाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

आता मुख्य विषयाकडे वळू. अदृश्य वायू प्रकाशाने कसा दिसावा? याचे बीज १८५९ साली सापडले. जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या वायूंतून उष्णतेचे किरण सोडून पाहिले. साध्या हवेतून ते जवळजवळ अडथळ्याविना पार जात. परंतु दगडी कोळशापासून केलेल्या दिव्याच्या वायूतून, ज्यात मिथेनचे प्रमाण बरेच असते, ते फारसे पलीकडे येत ना. डोळ्यांना स्वच्छ काचेसारखा भासणारा वायू उष्णतेच्या किरणांना मात्र पडद्यासारखा होता. नैसर्गिक वायूत मुख्य भाग मिथेनचाच असतो. त्याच्या रेणूत एक कार्बन व चार हायड्रोजन. हे अणू जणू कमानींनी जोडलेले असून ठराविक तालात थरथरतात. त्याच तालाचा किरण आला तर रेणू तो गिळून टाकतो. मिथेनचा हा आवडता किरण अवरक्त आहे, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा. त्याची तरंगलांबी सुमारे ३.३ मायक्रोमीटर. १.६५ मायक्रोमीटरच्या आसपासचा दुसरा किरणही तो थोडाफार शोषतो.

कतारगामच्या मुलांना ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या शेजारीपाजारी घरोघर हिऱ्याचे कारागीर आहेत. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. सुरतेत आता प्रयोगशाळेत जे हिरे वाढवितात, त्यांच्या एका पद्धतीत मिथेन वायूच कच्चा माल असतो. तप्त वायूतील कार्बन हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर बसत जातो. जो पदार्थ आपल्या शेगडीत जळतो, तोच दुसऱ्या दालनात रत्न होतो! आणि हिऱ्यात नायट्रोजनचा अंश आहे की नाही, हे ओळखण्यासाठी पारखी यंत्रे त्यातून अवरक्त किरण सोडून कोणता किरण गिळला गेला, हेच पाहतात. हिऱ्याची पारख आणि वायूची पारख, दोहोंची कसोटी एकच.

हेलिकॉप्टरमधून ही कसोटी कशी लावतात, ते एका दाखल्याने सांगतो. समजा, एका गल्लीत लोचोचे दुकान आहे की नाही, हे आपल्याला गल्लीत न जाता ओळखावयाचे आहे. आपण मुलांच्या दोन तुकड्या केल्या. एकीत लोचोवर जीव टाकणारी शंभर मुले, दुसरीत लोचोकडे ढुंकूनही न पाहणारी शंभर. दोन्ही तुकड्या एकदम गल्लीत धाडल्या आणि पलीकडच्या भिंतीला शिवून परत यावयास सांगितले. वाटेत चिखल आहे, गर्दी आहे. त्यामुळे दोन्हींतील काही मुले अडकणारच, पण सारख्याच प्रमाणात. आता बिनलोचोवाली साठ परतली आणि लोचोवाली मात्र तीसच, तर आतल्या दुकानाविषयी शंका उरेल काय? इतकेच नव्हे, किती मुले कमी आली यावरून दुकान केवढे, याचाही अंदाज बांधता येईल.

हेलिकॉप्टरमधील लेसर यंत्र अशाच दोन तुकड्या धाडते. एका किरणाची तरंगलांबी मिथेनला आवडणारी, दुसऱ्याची तिच्या अगदी जवळची पण मिथेनला नावडती. दोन्ही किरण जमिनीवर आपटून परततात. धूळ, गवत, मातीचा रंग यांमुळे दोन्ही सारखेच क्षीण होतात. परंतु वाटेत मिथेनचा लोट असेल तर पहिला किरण अधिक क्षीण होतो. या फरकावरून गळती उघडी पडते. जर्मनीत या शतकाच्या पहिल्या दशकात ‘चार्म’ या नावाची अशी यंत्रणा हेलिकॉप्टरवर बसविण्यात आली. जमिनीपासून शंभर मीटरच्या आसपास उंचीवरून उडत ती सेकंदाला अनेक वेळा वाहिनीचा मार्ग तपासते. पायी पहाऱ्याला जेथे अनेक दिवस लागतील, तेथे एक दिवस पुरतो.

एक अडचण मात्र राहतेच. मिथेन केवळ वाहिनीतून येत नाही. हवेतच तो दहा लाख भागांत सुमारे दोन भाग असतो. भातखाचरे, गटारे, कचऱ्याचे डोंगर, गोठ्यातल्या म्हशी, गोबरवायूची संयंत्रे, सर्वच तो सोडतात. मग चोर कोण आणि साव कोण? येथे निसर्गानेच एक खूण ठेवली आहे. भूगर्भातील वायूत मिथेनबरोबर बहुधा थोडा ईथेनही असतो. शेण-कचऱ्यापासून होणाऱ्या वायूत तो जवळजवळ नसतो. म्हणून मिथेनसह ईथेन सापडला, तर संशयाची सुई वाहिनीकडे वळते.

किती वायू गळत आहे, हेही विमानातून मोजता येते. २०१५ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसजवळ अलिसो कॅन्यन येथील वायूच्या भूमिगत कोठाराची एक विहीर फुटली. ही वाहिनीची गळती नव्हती, परंतु मोजणीची पद्धत तीच. स्टीफन कॉन्ली या शास्त्रज्ञाने आपले लहानसे विमान नोव्हेंबरात वायूच्या लोटातून वेगवेगळ्या उंचींवरून आरपार नेले. हवेत मिथेन किती वाढला आणि वारा कोणत्या वेगाने वाहतो, या दोहोंचा मेळ घालून दर तासाला किती वायू निसटत आहे, याचा आकडा निघाला. जवळजवळ चार महिने चाललेल्या त्या गळतीत सुमारे ९७ हजार टन मिथेन आकाशात गेला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडून दूर राहावे लागले. पुढे २६ सप्टेंबर २०२२ रोजी बाल्टिक समुद्राखालच्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या फुटल्या, तेव्हा समुद्रावर सुमारे एक किलोमीटर व्यासाचे उकळते वर्तुळ उठलेले डेन्मार्कच्या लष्करी विमानांनी टिपले. आता तर उपग्रहही या कामी लागले आहेत. २०१७ साली सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह साऱ्या पृथ्वीवरील मिथेन तपासतो; त्याची नजर व्यापक पण स्थूल आहे. एखादेच ठिकाण निरखून पाहणारे सूक्ष्म नजरेचे उपग्रहही आहेत.

आपल्या देशात वाहिनीच्या मार्गावर कोणी अतिक्रमण करीत आहे का, हे पाहण्यासाठी ‘इस्रो’च्या उपग्रहचित्रांचा आधार घेतला जातो आणि तेलवाहिन्यांवर ड्रोनचा पहाराही बसू लागला आहे. याची आवश्यकता किती, हे २७ जून २०१४ च्या पहाटे दिसून आले. आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम या गावाजवळची वायुवाहिनी गळून वायूचा ढग पसरला आणि पेटला. वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. घरे आणि नारळीची झाडे होरपळून गेली. झोपेतून जागे होत असलेले गाव, कोणी चूल पेटविण्याच्या तयारीत; असे गाव कोणाचेही असू शकले असते.

मग कतारगामच्या गल्ल्यांवर हेलिकॉप्टर फिरवून सारी काळजी मिटेल काय? नाही. उंच इमारतींच्या दाटीत किरण अडतात, गटारांचा मिथेन घोटाळा करतो आणि घरगुती नळीतील मंद दाबाची गळती इतकी लहान असते की ती वरून दिसणार नाही. पाऊस पडत असता किंवा जमिनीवर धुके असता तर हे यंत्र मोकळ्या रानातही लंगडे पडते. आकाशातील डोळा मोठ्या वाहिन्यांसाठी आहे. गल्लीतील पहारा यंत्र हाती घेऊन फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, आणि घरातील पहारा आपलाच.

तो पहारा कसा ठेवावा, हे विद्यार्थ्यांनी घरी जाऊन वडील मंडळींस अवश्य सांगावे. मिथेन हवेहून हलका आहे. तो वर जाऊन छताखाली साचतो, म्हणून वरचा झरोका कधीही बुजवू नये. सिलिंडरचा वायू याच्या उलट जड असून जमिनीलगत पसरतो. हवेत मिथेन शेकडा पाच ते पंधरा या प्रमाणात मिसळला की ठिणगी पुरे होते. यास्तव उग्र वास येताच विजेचे बटण दाबू नये. लावूही नये आणि मालवूही नये. चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर काढावे आणि दूरध्वनी बाहेर जाऊनच करावा. सांध्यातून गळती होते का, हे साबणाच्या पाण्याने पाहावे; काडी ओढून पाहण्याचा मूर्खपणा कोणी करू नये. आपल्या गल्लीत खोदकामाचे यंत्र आले आणि जवळच वायुवाहिनीची खूण असेल, तर ती दाखविण्यास संकोच करू नये. अनेक वाहिन्या गंजाने नव्हे, तर फावड्याच्या घाईने फुटतात.

आणखी एक विचार. न पेटता निसटलेला मिथेनही निरुपद्रवी नसतो. वीस वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता पृथ्वीभोवती अडकवून ठेवतो. मात्र हवेत तो साधारण बारा वर्षेच टिकतो. म्हणजे आज गळती थांबविली, तर तिचे फळ आजच्या विद्यार्थ्यांस त्यांच्या तरुणपणीच पाहावयास मिळेल. इतक्या लवकर फळ देणारी सत्कृत्ये जगात फार थोडी आहेत.

टिंडॉलने नळीतून किरण सोडले, तेव्हा त्याला हेलिकॉप्टराचे स्वप्नही पडले नसेल. एका जिज्ञासूने विचारलेला प्रश्न दीडशे वर्षांनी दुसऱ्या खंडातील गावांचे रक्षण करतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या अधिक सूक्ष्म यंत्र घडवील, कोणी वाहिनीवरून उन्हातान्हात चालत जाऊन पिवळा पडलेला पिकाचा तुकडा वेळीच ओळखील. दोघांचेही मोल सारखेच आहे. जे दिसत नाही त्याचीही दखल घेण्याची दृष्टी ज्याला लाभली, त्याचे शिक्षण सार्थकी लागले, असे आम्ही समजतो.